पोलीस कायदा अमलात येतो तो दिवस

तामिळनाडूत ६ सप्टेंबर हा दिवस २०२५ पासून पोलीस दिन म्हणून साजरा होऊ लागला. १८५९ साली याच तारखेला मद्रास जिल्हा पोलीस अधिनियम, म्हणजेच त्या वर्षीचा चोविसावा अधिनियम, संमत झाला होता. मात्र त्या दिवशी मद्रास इलाख्यातील एकाही गावात नवा शिपाई उभा राहिला नाही, की एकही ठाणे उघडले नाही. घडले ते इतकेच की शेकडो कोस दूर असलेल्या कलकत्त्यात एका कागदाला कायद्याचे रूप मिळाले. कायद्याचा जन्म नेमका कोणत्या क्षणी झाला असे मानायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पोलिसांच्या कायद्याबाबत तर तो विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण एखाद्या माणसाला पकडण्याचा अधिकार एका दिवशी नसतो आणि दुसऱ्या दिवशी असतो. त्या दोन दिवसांमध्ये काय घडते, हे नागरिकाला ठाऊक असलेले बरे.

१८५९ च्या या कायद्यामागे एक काळीकुट्ट पार्श्वभूमी होती. मद्रास इलाख्यात सारावसुलीचे आणि पोलिसाचे काम एकाच हाताखाली असे. जो अंमलदार शेतसारा मागायला येई, त्याच्याच हाताखालचे लोक चोरीचा कबुलीजबाबही घेत. सारा थकला म्हणजे रयतेला उन्हात ओणवे उभे करणे, बोटे पिरगाळणे, असे छळाचे प्रकार सर्रास चालत. याचा बोभाटा थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेल्यावर चौकशी आयोग नेमण्यात आला व त्याचा अहवाल १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. छळ होतो, ही गोष्ट सरकारच्याच आयोगाने मान्य केली आणि पोलीस व महसूल ही खाती वेगळी करावीत असे सुचविले. अहवाल आणि अधिनियम यांच्यामध्ये चार वर्षे गेली. आजच्या मापाने हा वेग वाईट म्हणता येणार नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६१ मध्ये, साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी पोलीस अधिनियम झाला. त्यात सेहेचाळिसावे कलम मोठे बोलके आहे. हा कायदा केवळ स्वतःच्या बळावर कोणत्याही इलाख्यात लागू होणार नाही, प्रांतिक सरकारने राजपत्रात आदेश प्रसिद्ध करून तो ज्या प्रदेशाला लावला असेल तेथेच तो लागू होईल, अशा आशयाची तरतूद या कलमात आहे. कायदा झाला, पण तो अजून कोठेच लागू नाही, अशी ही स्थिती. मद्रास आणि मुंबई इलाख्यांनी आपापले वेगळे पोलीस कायदे केले. मद्रास शहरासाठी पुढे १८८८ चा नगर पोलीस अधिनियम आला. शहराचे नाव १९९६ साली चेन्नई झाल्यावरही तोच कायदा तेथील पोलीस आयुक्ताच्या अधिकारांचा मुख्य आधार राहिला.

आता विधेयकाच्या प्रवासाकडे वळू. चेन्नईत विधानसभा भरते ती फोर्ट सेंट जॉर्ज या जुन्या किल्ल्यात. ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकात समुद्रकाठी बांधलेल्या या कोटाच्या आतच राज्याचे सचिवालय आहे. तामिळनाडूत आज विधानपरिषद नाही, त्यामुळे विधानसभेने विधेयक मंजूर केले की ते थेट राज्यपालांकडे जाते. संविधानाच्या दोनशेव्या अनुच्छेदानुसार राज्यपाल त्याला अनुमती देतात, अनुमती रोखून ठेवतात, किंवा ते राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवतात. केंद्राच्या कायद्याशी विसंगत ठरू शकेल अशा तरतुदी असल्या म्हणजे हा शेवटचा मार्ग विशेष महत्त्वाचा ठरतो. पोलीस हा विषय राज्यसूचीत आहे, परंतु फौजदारी कायदा व फौजदारी प्रक्रिया हे विषय समवर्ती सूचीत आहेत. म्हणून पोलिसांविषयीचे विधेयक पुष्कळदा दोन सूच्यांच्या सीमेवर उभे असते.

अनुमती ही निव्वळ उपचाराची बाब आहे, अशी अनेक वर्षे समजूत होती. तिला तडा गेला तो चेन्नईतच. राज्यपालांकडे पडून राहिलेल्या दहा विधेयकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२५ रोजी ती अनुमती मिळालेलीच आहेत असे मानले, आणि ११ एप्रिल रोजी तामिळनाडू शासनाने ती राजपत्रात अधिनियम म्हणून प्रसिद्ध केली. राज्यपालांची वा राष्ट्रपतींची सही नसताना कायदे राजपत्रात आले. ही विधेयके मुख्यतः विद्यापीठांविषयीची होती, पोलिसांशी त्यांचा संबंध नव्हता. पण प्रश्न सर्वच कायद्यांचा होता. पुढे राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर मत देताना २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की न्यायालयाला अशी मानीव अनुमती देता येत नाही आणि राज्यपालांना ठरावीक मुदतीत बांधताही येत नाही. मात्र दीर्घ व अकारण विलंब झाला तर निर्णय घ्या, एवढे न्यायालय सांगू शकते.

अनुमतीनंतर येते ती प्रसिद्धी. मद्रास सरकारच्या राजपत्राला किल्ल्यावरून फोर्ट सेंट जॉर्ज गॅझेट असे नाव होते, आता ते तामिळनाडू शासन राजपत्र आहे. सरकारी मध्यवर्ती मुद्रणालय जॉर्ज टाउनमधील मिंट स्ट्रीटवर, जेथे पूर्वी नाणी पाडली जात त्या टांकसाळीच्या इमारतींत वसले. टांकसाळीच्या जागी कायदे छापले जावेत, यात एक प्रकारचे औचित्य आहे. धातूच्या तुकड्यावर छाप उमटल्याखेरीज तो चलन होत नाही, तसेच हे.

येथे एक बारीक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. अमलात येण्याची तारीख कायद्यातच सांगितलेली नसेल, तर ती ठरविण्यासाठी सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, म्हणजे वकील मंडळी ज्याला जनरल क्लॉजेस ॲक्ट म्हणतात तो, पाहावा लागतो. केंद्राच्या १८९७ च्या अधिनियमाप्रमाणे संसदेचा कायदा राष्ट्रपतींची अनुमती मिळते त्याच दिवशी सुरू होतो. मुंबईच्या १९०४ च्या अधिनियमाप्रमाणे, आणि मद्रासच्या १८९१ च्या अधिनियमाप्रमाणेही, राज्याचा कायदा सुरू होतो तो अनुमती मिळाल्याचे राजपत्रात प्रथम प्रसिद्ध होते त्या दिवशी. पहिल्या पद्धतीत लोकांना कळण्याआधीच कायदा सुरू झालेला असू शकतो. दुसऱ्या पद्धतीत निदान तो छापला गेलेला असतो. या एका बाबतीत जुन्या इलाख्यांचा नियम अधिक न्याय्य होता, असे म्हणावे लागेल.

छापल्याशिवाय कायदा नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये हरला विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात ठणकावून सांगितले. जयपूर संस्थानात महाराज अल्पवयीन असताना कारभार पाहणाऱ्या मंत्रिमंडळाने १९२३ च्या डिसेंबरात एका ठरावाने अफूचा कायदा मंजूर केला होता. तो ठराव दप्तरात राहिला, कोठेही प्रसिद्ध झाला नाही. पुढे १९३८ मध्ये त्यात एक कलम घालण्यात आले, की हा कायदा १ सप्टेंबर १९२४ पासून अमलात येईल. म्हणजे चौदा वर्षे मागची तारीख! या कायद्याखाली एका माणसाला पन्नास रुपये दंड झाला आणि ते प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. ते त्यापूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. ज्या कायद्याची लोकांना माहिती होण्याचा कोणताही मार्ग ठेवलेला नाही, त्याखाली लोकांना शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे त्यांनी निर्णयात म्हटले, आणि दंड रद्द झाला.

परंतु राजपत्रात छापले म्हणजे लोकांना कळले, असे मानण्यातही एक कठोरपणा आहेच. १९६२ च्या नोव्हेंबरात एक जर्मन प्रवासी झुरिकहून मनिलाला निघाला होता. २८ तारखेच्या पहाटे त्याचे विमान सांताक्रूझला उतरले. त्याच्या अंगातील खास शिवलेल्या जाकिटात प्रत्येकी एक किलोच्या सोन्याच्या ३४ लगडी सापडल्या. विमानातून पुढे जाणाऱ्या सोन्यावरील सवलत आवळणारी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना ८ नोव्हेंबरची होती आणि ती राजपत्रात आली २४ नोव्हेंबरला, म्हणजे तो झुरिकहून निघण्याच्या तीन दिवस आधी. आपल्याला हे ठाऊक असणे शक्यच नव्हते, हा त्याचा बचाव मुंबई उच्च न्यायालयाने मानला, पण सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने फेटाळला. भारतात रीतसर प्रसिद्ध झालेली गोष्ट भारतात उतरणाऱ्यावर बंधनकारक आहे, असा तो निर्णय. शिक्षा मात्र भोगून झाली होती तेवढ्यावरच थांबविण्यात आली.

आणखी एक पद्धत आहे, आणि पोलीस कायद्यांच्या बाबतीत तिचा वापर फार आढळतो. ‘शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास हा अधिनियम अमलात येईल,’ हे वाक्य ज्याने कोणताही कायदा उघडून पाहिला आहे त्याच्या ओळखीचे असेल. १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, जो २०१२ पासून महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जातो, याच रीतीने १ ऑगस्ट १९५१ पासून सुरू झाला. मुंबई शहराचा १९०२ चा आणि जिल्ह्यांचा १८९० चा, असे दोन वेगळे पोलीस कायदे त्याने एकत्र आणले. राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्यात आले, तरी हा कायदा तेथे आपोआप गेला नाही. त्यासाठी १९५९ मध्ये वेगळा विस्तार अधिनियम करावा लागला. कायदा कधीपासून लागू, आणि कोठपर्यंत लागू, हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दोहोंची उत्तरे वेगवेगळी शोधावी लागतात.

तारीख ठरविण्याचे काम शासनाकडे सोपविण्यामागे समजण्यासारखी कारणे असतात. नियम करायचे असतात, नमुने छापायचे असतात, अधिकारी नेमायचे असतात, ठाण्यातल्या हवालदाराला नवी कलमे शिकवायची असतात. भारतीय दंडसंहिता १८६० च्या ऑक्टोबरात संमत झाली. ती १ मे १८६१ पासून लागू व्हायची होती, पण न्यायाधीशांना व इतरांना तिचा परिचय व्हावा म्हणून ती तारीख पुढे ढकलून १ जानेवारी १८६२ करण्यात आली. तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेला व तिच्या दोन सोबतिणींना राष्ट्रपतींची अनुमती २५ डिसेंबर २०२३ रोजी मिळाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचना निघाली, आणि १ जुलै २०२४ ही तारीख ठरली. त्यातही एक अपवाद राहिला. वाहनाची धडक देऊन पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे एकशे सहाव्या कलमाचे दुसरे पोटकलम, मालमोटारचालकांच्या आंदोलनानंतर, बाकीच्या संहितेबरोबर अमलात आले नाही. कायद्याच्या पुस्तकात ते छापलेले दिसते, त्यामुळे नवख्या वाचकाची गफलत होण्याचा संभव आहे.

ही सवलत शासनाच्या हाती किती काळ राहावी? येथे प्रश्न गंभीर होतो. तामिळनाडूच्या १९८२ च्या चौदाव्या अधिनियमाने, ज्याला बोलीभाषेत गुंडा कायदा म्हणतात, चेन्नईच्या पोलीस आयुक्ताला शासनाच्या आदेशाने प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अधिकार देता येतो. म्हणजे खटला न चालवता माणसाला कैदेत ठेवता येते. संविधानाच्या बावीसाव्या अनुच्छेदानुसार सल्लागार मंडळाच्या मताशिवाय अशी कैद तीन महिन्यांपर्यंत चालू शकते. आणीबाणीच्या अनुभवानंतर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ही मुदत दोन महिन्यांवर आणली आणि मंडळाची रचना मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनुसार व्हावी असे ठरविले. दुरुस्तीला ३० एप्रिल १९७९ रोजी राष्ट्रपतींची अनुमतीही मिळाली. पण ती कलमे केव्हा अमलात आणायची हे केंद्र सरकारने अधिसूचनेने ठरवायचे होते, आणि या तिसऱ्या कलमाबाबत अशी अधिसूचना कधीच निघाली नाही. संसदेने दिलेले संरक्षण पाच दशकांच्या जवळ येऊनही नागरिकाच्या हाती पडलेले नाही.

१९८१ च्या डिसेंबरात, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठापुढे ए. के. रॉय खटल्यात हाच प्रश्न होता. तारीख ठरविण्याचे काम संसदेने शासनावर सोपविले आहे, शासनाने ते केले नाही तर जाब संसदेने विचारावा, न्यायालय सरकारला तारीख ठरविण्याचा आदेश देऊ शकत नाही, असे बहुमत झाले. सर्व न्यायमूर्तींना ते पटले नव्हते. वाजवी काळात तारीख ठरविणे हे शासनाचे कर्तव्यच आहे, असे वेगळे मतही त्या निकालपत्रात नोंदलेले आहे. आज ते वाचताना अधिक पटते. पुढे १९८८ मध्ये, वकिलांच्या अधिनियमातील वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या तिसाव्या कलमासंबंधी, न्यायालयाने केंद्राला सहा महिन्यांत निदान विचार करून निर्णय घ्या असे सांगितले. ते १९६१ च्या अधिनियमातले कलम १५ जून २०११ रोजी सुरू झाले.

अटकेच्या कायद्याचेही असेच. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसाने अटकेची कारणे लिहून ठेवावीत, ही फौजदारी प्रक्रिया संहितेतील दुरुस्ती जानेवारी २००९ मध्ये अनुमती मिळूनही वकिलांच्या विरोधामुळे अडकली. त्याच अधिनियमाची इतर कलमे ३१ डिसेंबर २००९ रोजी सुरू झाली, ही मात्र १ नोव्हेंबर २०१० रोजी. मधल्या काळात ज्यांना अटक झाली त्यांना या संरक्षणाचा उपयोग नव्हता.

नवा कायदा सुरू झाला म्हणजे जुना त्याच क्षणी पुसला जातो, असेही नाही. निरसनाच्या कलमाला व्यावृत्तीचे कलम जोडलेले असते, म्हणजे जुन्या कायद्याखाली झालेले काय टिकून राहील ते सांगणारे. ३० जून २०२४ च्या रात्री अकरा वाजता चेन्नईत चोरी झाली आणि तक्रार दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात आली, तर गुन्हा जुन्या दंडसंहितेखालीच नोंदवावा लागतो, कारण गुन्हा घडला त्या वेळी तोच कायदा होता. तपासाची रीत मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेची. म्हणून १ जुलैच्या सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर दोन्ही पुस्तके असणे भाग होते. संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदाने घातलेली मर्यादा येथे आड येते. कृत्य घडले तेव्हा जो गुन्हा नव्हता, त्यासाठी मागाहून केलेल्या कायद्याने शिक्षा देता येत नाही.

राहता राहिला तो टप्पा, ज्याची वार्ता वर्तमानपत्रे सहसा देत नाहीत. कायदा सुरू झाल्यावर त्यात सांगितलेली यंत्रणा उभी राहणे. पोलीस महासंचालकपदावरून निवृत्त झालेले प्रकाश सिंह यांनी १९९६ साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्यांना निर्देश दिले. वरिष्ठ अधिकाऱ्यांना निश्चित कार्यकाल, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, राज्य सुरक्षा आयोग, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरण, हे त्यांतील प्रमुख. राज्ये कायदा करीपर्यंत हे निर्देशच पाळायचे होते. तामिळनाडूने सप्टेंबर २०१३ मध्ये अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी त्याच्या जागी तामिळनाडू पोलीस (सुधारणा) अधिनियम आला. अध्यादेश जारी होताच अमलात येतो आणि त्याला जोडून येणारा अधिनियम बहुधा त्याच दिवसापासून अमलात असल्याचे मानले जाते, त्यामुळे येथे तारखेचा प्रश्न नव्हता. महाराष्ट्रानेही २०१४ च्या फेब्रुवारीत अध्यादेशाच्याच मार्गाने आपल्या १९५१ च्या अधिनियमात दुरुस्ती केली व राज्य प्राधिकरणाचे अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाला दिले.

तामिळनाडूच्या अधिनियमात राज्य पातळीवरील तक्रार प्राधिकरणाचे अध्यक्ष गृहसचिव आणि सदस्य पोलीस महासंचालक व एक अतिरिक्त महासंचालक. जिल्ह्यात अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सदस्य पोलीस अधीक्षक व अतिरिक्त अधीक्षक. म्हणजे ज्या खात्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच खात्याचे अधिकारी ऐकायला. १८५५ च्या आयोगाने वसुली करणारा हात आणि चौकशी करणारा हात वेगळे करा म्हणून सांगितले होते, याची येथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही. हे प्राधिकरणसुद्धा लगेच अस्तित्वात आले नाही. त्याच्या स्थापनेचा शासकीय आदेश निघाला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये. अधिनियम अमलात येऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. त्या सहा वर्षांत चेन्नईतील एखाद्या माणसाने अधिनियमाची प्रत हाती घेऊन तक्रार कोठे द्यायची असे विचारले असते, तर कलम दाखविता आले असते, कचेरी दाखविता आली नसती. प्राधिकरणाच्या रचनेलाच आव्हान देणाऱ्या याचिका पुढे मद्रास उच्च न्यायालयात दाखल झाल्या.